हुतात्मा वीर बाबुराव शेडमाके : दूरचे तह आणि रानातील घरे

पूर्वजांचे पुण्यस्मरण करणे हे प्रत्येक समाजाचे कर्तव्य होय. त्यातही ज्यांनी ऐन तारुण्यात देह ठेवला आणि ज्यांच्यामागे ग्रंथ, वाडे किंवा संपत्ती ह्यांपैकी काहीच राहिले नाही, त्यांचे चरित्र लेखणीने पुनःपुन्हा जागविले पाहिजे. एरव्ही ते ओठांवरून हळूहळू पुसले जाते. ह्याच विचाराने यंदाच्या स्मरणिकेत आम्ही वीर बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके ह्यांचे जीवन समाजबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

बाबुरावांच्या शौर्याच्या कथा आमच्या घराघरांत सांगितल्या जातात, आणि मुले त्या डोळे विस्फारून ऐकतात. परंतु ते शौर्य ज्या काळात प्रकट झाले तो काळ कसा होता, चांद्याच्या रानावर कोणाकोणाची नजर लागली होती, आणि ह्या रानाचे नाव ज्यांत लिहिले गेले ते तह व करार कोणी, कोठे व कशासाठी केले, ह्याचा विचार क्वचितच होतो. तो केल्यावाचून बाबुरावांच्या बलिदानाचा अर्थ पुरता कळणार नाही, अशी आमची समजूत आहे. म्हणून हे चरित्र सांगताना आम्ही थोडे रानाबाहेरही जाणार आहोत. वाचकांनी आमच्याबरोबर यावे.

वनप्रदेशाची पूर्वपीठिका

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि त्या सर्व मुलखास लोक चांदा म्हणून ओळखीत. येथे गोंड राजांनी कित्येक पिढ्या राज्य केले. त्यांच्यापैकी हीरशहाविषयी परंपरा अशी सांगते की, जो रान तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती जमीन सनदेने द्यावी आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, असे त्याचे धोरण होते. ह्या धोरणात एक साधे शहाणपण होते. माणूस जेथे घाम गाळतो तेथेच त्याचे घर उभे राहावे आणि ते घर त्याच्याच नावाचे असावे, हे ते शहाणपण होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पूर्वभागात आजही जुने तलाव व बोड्या जागोजाग दिसतात. त्यांच्या पाळी ही त्या काळाची आठवण आहे.

१७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. राजा बदलला, परंतु पूर्वेकडील घनदाट रानात जमीनदारांची जुनी व्यवस्था बहुतांशी तशीच राहिली. त्या जमीनदारांत अहेरीचे घराणे सर्वांत मोठे होते, आणि त्याच्या आसपास अडपल्ली-घोट, मोलमपल्ली अशा लहानमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. गावकऱ्यांचे घर म्हणजे मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, बांबूच्या ताट्या, सागाचे किंवा येनाचे खांब आणि वर गवताचे वा कवेलूचे छप्पर. ह्या घरातील एकही वस्तू बाजारातून विकत आणावी लागत नसे. कुऱ्हाड, विळा व नांगराचा फाळसुद्धा ह्याच जिल्ह्यातील लोहखनिज कोळशाच्या भट्टीत वितळवून बनविलेल्या लोखंडाचा असे. रान होते तोवर घर होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

जन्म, शिक्षण व तारुण्य

अशा ह्या मुलखात, आजच्या अहेरी तालुक्यातील किष्टापूर येथे, १२ मार्च १८३३ रोजी बाबुरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव पुल्लेसूरबापू व मातेचे नाव जुर्जाकुंवर. घराणे मोलमपल्लीच्या जमीनदारांचे असून त्यांच्याकडे २४ गावे होती. बालपणी गोटुलात समाजाच्या चालीरीती, नृत्यगायन, तिरकामठा आणि रानाची विद्या त्यांनी आत्मसात केली. पुढे त्यांस शिक्षणासाठी रायपूर येथे पाठविण्यात आले व तेथे त्यांनी थोडे इंग्रजी शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. राजकुंवर ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ह्या शिक्षणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. बाबुराव हे जगापासून दूर राहिलेले, काही न कळता शस्त्र उचलणारे तरुण होते, असा समज कोणी करून घेतला असेल तर तो चुकीचा आहे. गोटुलाची शिकवण व शहरातील शाळा ह्या दोहोंचा संस्कार त्यांच्यावर झाला होता. साहेबाची भाषा ज्याच्या कानांवरून गेली आहे आणि आपल्या गावाची गाऱ्हाणी ज्याने मांडीवर बसून ऐकली आहेत, अशा माणसास दोन्ही बाजूंचा व्यवहार दिसतो. बाबुरावांना तो दिसला.

सातासमुद्रापलीकडील व्यापाराची छाया

बाबुराव वीस वर्षांचे झाले त्या वर्षी, म्हणजे १८५३ मध्ये, ह्या भागाचे भवितव्य ठरविणाऱ्या दोन घटना घडल्या. २१ मे रोजी कंपनी सरकारने हैदराबादच्या निजामाशी तह करून वऱ्हाड प्रांत आपल्या ताब्यात घेतला. कारण सांगितले गेले ते निजामाकडे थकलेल्या फौजेच्या खर्चाचे. परंतु वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध होती, हे कंपनीस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याबरोबर चांदाही इंग्रजी अंमलाखाली आला.

इंग्लंडातील मँचेस्टर व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस लागे, आणि तो बहुतांशी अमेरिकेतून येई. एकाच देशावर अवलंबून राहणे धोक्याचे, हे तेथील गिरणीवाल्यांनी ओळखले होते. म्हणून १८५७ मध्ये मँचेस्टर येथे कापूस पुरवठ्यासाठी व्यापाऱ्यांची एक संस्थाच स्थापन झाली. त्यांची दृष्टी वऱ्हाड, हिंगणघाट व नागपूरकडील कापसावर होती. हा कापूस समुद्रापर्यंत न्यावा कसा, हा प्रश्न होता. नागपूरला आगगाडी १८६७ मध्ये आली. त्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून माल मुंबईस जाई व वाटेत धूळपावसाने खराब होई. तेव्हा गोदावरीवर धवलेश्वरम येथे मोठे धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटन ह्या अभियंत्याने व त्याच्या साहाय्यकांनी वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्या नद्यांतून थेट पूर्व समुद्रापर्यंत नावा चालविण्याची कल्पना पुढे मांडली.

वाचकांनी येथे नकाशा डोळ्यांपुढे आणावा. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती अहेरीच्या बाजूने वाहत सिरोंचापाशी गोदावरीस मिळते. म्हणजे मँचेस्टरच्या गिरणीपर्यंत जाणारा जलमार्ग मोलमपल्ली व अहेरीच्या रानाच्या अगदी अंगणातून जाणार होता. नदीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते, आणि त्यांपैकी तिसरा प्राणहितेवर, अहेरीजवळच्या देवलमरी येथे होता.

कापसाच्या पाठोपाठ सागाकडेही लक्ष गेले. जहाजांना व आगगाडीच्या रुळांखालील स्लीपरांना साग लागे, आणि अहेरीचा साग नामांकित होता. १८५५ मध्ये डलहौसीने वनांविषयीचे सरकारी धोरण प्रथम लेखी मांडले; १८६४ मध्ये स्वतंत्र वनखाते निघाले, आणि १८६५ व १८७८ मध्ये वनकायदे झाले. पुढे विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागल्यावर आमच्या जिल्ह्यातील देशी भट्ट्याही एकेक करून विझल्या. ज्या घरात पूर्वी काहीच विकत आणावे लागत नसे, त्या घराचा खांब आता परवानगीचा व फाळ बाजाराचा झाला.

ह्यांपैकी बरेचसे बाबुरावांच्या मृत्यूनंतर घडले, हे खरे. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, हे त्यांस जिवंतपणीच उमगले होते. नवा महसूल, नवे कायदे, नवे कामगार व नदीकाठी पडलेले साहेबांचे तंबू त्यांनी पाहिले. आपल्या मुलखाविषयीचा निर्णय आपणांस न विचारता होतो, एवढे कळण्यास तहाचा कागद वाचावा लागत नाही.

जंगोम दल

१८५७ च्या मे महिन्यात उत्तरेत उठाव झाला. त्याची वार्ता रानापर्यंत पोहोचली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाबुरावांनी जंगोम दलाची उभारणी केली. गोंड, माडिया व त्यांच्यासमवेत असलेले रोहिले मिळून सुमारे ५०० लोक जमले. हे सैन्य पगारी नव्हते. हातात भाले, धनुष्यबाण, कुऱ्हाडी व थोड्या बंदुका. अन्न गावोगावी मिळेल ते.

७ मार्च १८५८ रोजी दलाने इंग्रजांच्या अमलाखालील राजगड परगण्यावर चाल करून तो हस्तगत केला. त्या लढाईत इंग्रजांच्या वतीने कारभार पाहणारा रामजी गेडाम मारला गेला. ही बातमी चांद्यास पोहोचताच तेथील डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन ह्याने फौज रवाना केली. १३ मार्चला नांदगाव-घोसरी येथे गाठ पडली आणि बाबुरावांचा जय झाला. आदल्याच दिवशी त्यांनी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण केली होती.

ह्या विजयानंतर अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव उघडपणे बाबुरावांस येऊन मिळाले. गढीसुर्ला, सगणापूर व बामणपेठ येथे एप्रिलअखेरपर्यंत चकमकी झडत राहिल्या. कवायती फौज व तोफा एका बाजूस, आणि डोंगर, नाले व पायवाटांचे ज्ञान दुसऱ्या बाजूस, असा हा सामना होता. गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून दलाने खाली दगड लोटून फौजेस थोपविल्याची आठवण आजही सांगितली जाते. दोन महिने हा मुलूख इंग्रजांच्या हाती लागत नव्हता.

प्राणहितेच्या काठी

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चुंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर बाबुराव व व्यंकटराव ह्यांच्या लोकांनी छापा घातला. गार्टलंड व हॉल हे दोन कर्मचारी त्यात ठार झाले. पीटर नावाचा तिसरा निसटला व क्रिक्टनकडे पोहोचला. ह्या घटनेने इंग्रज सरकार खडबडून जागे झाले. तोपर्यंत चांद्याकडील बंड ही रानातील किरकोळ गडबड समजली जात होती.

आम्ही ह्या प्रसंगाचे वर्णन उत्साहाने करीत नाही. मरण पावलेली दोन माणसे नोकरीसाठी परमुलखात आलेली होती, आणि माणसाचा मृत्यू ही आनंदाची गोष्ट नव्हे. परंतु तारेवरच हल्ला का झाला, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी तार म्हणजे राज्याचा आवाज. फौजेचा हुकूम त्याच तारेने जाई आणि बाजारातील भावही त्याच तारेने जाई. ज्या तारेवरून रानाविषयी सर्व काही बोलले जाणार, परंतु रानातील माणसास एक शब्दही बोलता येणार नाही, ती तार आपल्या नदीच्या काठी आलेली त्या लोकांनी पाहिली.

अटक व बलिदान

चुंचगुंडीनंतर क्रिक्टनने डाव बदलला. रानात बाबुरावांस पकडणे फौजेस साधत नाही, हे पाहून त्याने अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर दडपण आणले. बाबुरावांस धरून न दिल्यास जमीनदारी जाईल, असा धाक त्यांस घातला गेला. प्रथम भोपालपट्टणम येथे बाबुराव रोहिल्यांच्या हाती सापडले, परंतु तेथून ते निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या लोकांनी त्यांस पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले.

ह्या घटनेविषयी आमच्या समाजात अजूनही कडवट बोलले जाते. त्याविषयी आम्हांस नम्रपणे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. त्या काळी एका बाजूस आपलाच माणूस व दुसऱ्या बाजूस शेकडो गावांची जमीनदारी, अशा पेचात इंग्रजांनी त्या स्त्रीस उभे केले. घरातीलच माणसांना परस्परांविरुद्ध उभे करणे, हेच त्या राजनीतीचे मुख्य हत्यार होते. त्या हत्याराचा वार आजही एकमेकांवर करीत राहिल्याने ते हत्यार घडविणाऱ्याचाच हेतू सफल होतो. ह्या स्मरणिकेचे वाचक दोन्ही बाजूंच्या वंशांतील आहेत, आणि सर्वांचेच आम्ही आहोत.

चांद्यास खटला चालला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाच्या झाडाखाली, बाबुरावांस फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस वर्षांचे. फासाचा दोर वारंवार तुटला, असे लोककथा सांगते. ज्यांच्यावर लोकांचे प्रेम असते त्यांच्याविषयी अशा कथा जन्मतात, आणि त्या जपून ठेवण्यात काही वावगे नाही. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनीचे राज्य संपले. त्या जाहीरनाम्यात अनेक बंडवाल्यांस माफी होती; ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत ज्यांचा हात होता त्यांस मात्र ती नव्हती.

व्यंकटराव बस्तरात गेले होते. एप्रिल १८६० मध्ये तेथील राजाने त्यांस धरून दिले. त्यांस जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांची मालमत्ता जप्त झाली. अडपल्ली-घोटची ६७ गावे बक्षीस म्हणून अहेरीस देण्यात आली. त्या गावांतील कुटुंबे सकाळी एका जमीनदाराची रयत म्हणून उठली व संध्याकाळी दुसऱ्याची रयत म्हणून निजली. त्यांस कोणी विचारल्याची नोंद नाही.

१८६० चा तह

बाबुरावांचे चरित्र येथे संपते, परंतु त्याचा अर्थ दोन वर्षांनंतरच्या एका कागदावर लिहिलेला आढळतो. डिसेंबर १८६० मध्ये इंग्रज सरकार व निजाम अफझलउद्दौला ह्यांच्यात नवा तह झाला. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला होता. म्हणून त्याचे सुमारे ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले, सुरापूरचे राज्य त्यास मिळाले, आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग व रायचूरचा दुआब त्यास परत देण्यात आला. त्या बदल्यात त्याने गोदावरीच्या व प्राणहितेच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांस दिला. त्यातच सिरोंचा होते. तहात आणखी एक कलम होते. गोदावरीवरील मालाच्या वाहतुकीवर कोणतीही जकात घेऊ नये, असे त्यात ठरले.

त्या कलमाचे महत्त्व लक्षात घ्यावे. दोन सरकारांमधील हा शुद्ध व्यापारी करार होता, आणि त्यासाठी सिरोंचाची गावे व धाराशिवची गावे सोंगट्यांप्रमाणे ह्या घरातून त्या घरात सरकविली गेली. सिरोंचा हे मुख्य ठिकाण करून उर्ध्व गोदावरी जिल्हा निर्माण झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसास सोन्याचा भाव आला. नदीतील खडक फोडण्याची, बंधारे व कालवे बांधण्याची कामे जोरात निघाली. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागला, भाव कोसळले. तिकडे आगगाडी नागपूरपर्यंत आली. मग नदीचा मार्ग महाग ठरला व १८७१ मध्ये ती सर्व कामे सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्यास जोडले गेले.

जो व्यापारी मार्ग खुला व्हावा म्हणून एवढी उलथापालथ झाली, तो मार्ग शेवटी झालाच नाही. व्यापाऱ्यांनी आपला माल दुसरीकडून नेला. अमेरिकेत युद्ध सुरू झाले म्हणून आमच्या नदीकाठी खडक फुटले, आणि अमेरिकेत युद्ध थांबले म्हणून ती कामे ओस पडली. दूरच्या बाजाराशी रानाची गाठ कशी पडते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. नदीकाठच्या कुडाच्या घरांचा ह्या हिशेबात कोठेच उल्लेख नव्हता.

आज आपल्यापुढील कार्य

देश स्वतंत्र झाला. १९५१ मध्ये मध्यप्रांतातील जमीनदाऱ्या रद्द झाल्या, आणि गावकऱ्यांचे घरबांधणीचे लाकूड, बांबू व जळण ह्यांचे निस्तार हक्क सरकारी कागदांत नोंदले गेले. तथापि बांबूचा मोठा भाग कागद कारखान्यांस जात राहिला, आणि ताटीसाठी बांबू मागणाऱ्या गावकऱ्यास डेपोच्या दारात उभे राहावे लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच हे स्पष्ट लिहिले की, वनात राहणाऱ्या कुटुंबास शेतीसाठी व निवासासाठी ताब्यात असलेली जमीन धारण करण्याचा हक्क आहे. हीरशहाच्या सनदेतील शहाणपण फार वर्षांनी पुन्हा कायद्याच्या भाषेत आले, असे आम्हांस वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्याच्या ग्रामसभेकडे आला.

घरांविषयी पाहू जाता, २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. परंतु घरकुलास प्रथम जागा लागते, आणि जागेस कागद लागतो. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यापाशी तोच नसतो. ही अडचण ओळखून २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी वनहक्क कायद्यात बदल केला, आणि गावालगतच्या वनजमिनीवर वनवासी कुटुंबांच्या घरांसाठी जागा देण्याची वाट मोकळी केली.

बाजाराचा दूरचा हात मात्र अजूनही घराच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. कुडाच्या घरास रान पुरे होते. घरकुलास सळई, सिमेंट व पत्रा लागतो, आणि त्यांचे भाव गावात ठरत नाहीत. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज निघते. २०२२ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने लोहखनिजावरील निर्यात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत वाढविले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही वाढ मागे घेतली. अशा एकेका निर्णयासरशी खनिजाचा व पोलादाचा भाव हलतो. आपल्या पहाडातील दगड बाहेर जातो आणि सळई होऊन बाजारभावाने आपल्याच अंगणात परत येते. साहाय्याची रक्कम मात्र ठरलेलीच राहते. अर्धवट भिंतींची घरकुले गावोगाव का दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

व्यापार वाईट व बाहेरचे सर्व शत्रू, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. रस्ता, शाळा, दवाखाना व रोजगार आमच्या मुलांना हवाच आहे. तेंदूपान व बांबू ग्रामसभेने स्वतः विकला तर दूरचा बाजार गावाच्या उपयोगीही पडतो. प्रश्न एवढाच आहे की, करार होताना ज्याचे घर तेथे आहे तो माणूस बोलू शकतो की नाही. १८६० च्या तहात त्यास जागा नव्हती. १९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस ती जागा दिली आहे. बाबुरावांस जे साधन मिळाले नाही ते आपल्या हाती आहे, आणि ते गंजू देणे हा त्यांच्या स्मृतीचा अवमान होईल.

म्हणून समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींना आमची विनंती आहे. शहरात नोकरी करणाऱ्यांनी सुटीत गावी गेल्यावर आपल्या आप्तांच्या वनहक्क दाव्यांची कागदपत्रे पाहावीत. दावा फेटाळला असल्यास लेखी कारण मागून अपील करण्यास मदत करावी. घरकुलाच्या यादीत नाव नसलेल्या विधवा व वृद्धांची नोंद ग्रामसभेत घ्यावी. आणि वन, खाण वा बांबूविषयीचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला असता तो गोंडी व मराठीत सर्वांस वाचून दाखवावा. समाज मंडळाच्या प्रत्येक शाखेने वर्षातून निदान एक दिवस ह्या कामास द्यावा, आणि तो दिवस २१ ऑक्टोबर असावा, अशी आमची सूचना आहे.

भारत सरकारच्या टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी बाबुरावांचे टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला. तो आम्हां सर्वांस भूषणावह आहेच. तथापि ज्यांच्या घरांसाठी तो पंचवीस वर्षांचा तरुण लढला, त्यांपैकी शेवटच्या घराचा कागद ज्या दिवशी त्या घरातील माणसाच्या हाती पडेल, त्या दिवशीच आपले ऋण थोडेफार फिटले असे म्हणता येईल. ते ऋण फेडण्याची बुद्धी व बळ आपणां सर्वांस लाभो, हीच आमची प्रार्थना.